बँकांचे संगणक आणि बँकांची माणसे

३० ऑगस्ट २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सार्वजनिक क्षेत्रातील दहा बँकांचे एकत्रीकरण करून त्यांच्या चार बँका करण्याची घोषणा केली. या घोषणेच्या समर्थनार्थ जी कारणे देण्यात आली, त्यांत एक कारण असे होते की, पन्नास वर्षांपूर्वी ते कोणाही अर्थमंत्र्याला सुचले नसते. पंजाब नॅशनल बँक, ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया या तिन्ही बँकांचा कारभार एकाच प्रकारच्या संगणकीय प्रणालीवर चालतो. कॅनरा आणि सिंडिकेट यांची प्रणाली एक आहे. युनियन, आंध्र आणि कॉर्पोरेशन या बँकांचीही एक आहे. इंडियन आणि अलाहाबाद यांचेही तसेच आहे. सबब या बँका एकमेकींत मिसळणे सुलभ जाईल, असे ते कारण होते. १ एप्रिल २०२० पासून, देशव्यापी टाळेबंदीला आठवडाभरच झालेला असताना, हे एकत्रीकरण अंमलात आले.

दोन बँकांनी एकत्र यावे की नाही हे ठरवताना पूर्वी त्यांचा प्रदेश, त्यांचे भांडवल आणि त्यांची थकीत कर्जे यांचा विचार होत असे. त्यांच्या पंक्तीला आता संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, येऊन बसली आहे. मुख्य कचेरीतील एका वातानुकूलित खोलीत ज्या यंत्राला एके काळी जागा मिळाली, ते यंत्र आता साऱ्या संस्थेचा कणा बनले आहे. मात्र हे यंत्र ज्यांच्या हाती आहे, त्या माणसांची नेमणूक, त्यांचे शिक्षण, त्यांच्या बदल्या आणि बढत्या यांचा विचार यंत्राच्या खरेदीइतक्या गांभीर्याने क्वचितच झाला. भारतीय बँकांच्या संगणकीकरणाचा इतिहास या दृष्टीने पुन्हा एकदा तपासून पाहण्याजोगा आहे. कारण बँकांत जे घडले तेच आज शासकीय कचेऱ्यांत, विद्यापीठांत आणि नगरपालिकांत घडत आहे.

खातेवहीचा भार

बँकांना यंत्राची गरज भासली ती काही हौसेपोटी नव्हे. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्या वेळी देशातील व्यापारी बँकांच्या शाखा ८,२६२ होत्या. १९९१ पर्यंत ही संख्या ६०,००० च्या घरात गेली. शाखा वाढल्या तशी खाती वाढली, आणि खात्यांबरोबर नोंदी वाढल्या. एका धनादेशाची रक्कम ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत टोकन, स्क्रोल, खातेवही, रोजकीर्द अशा अनेक ठिकाणी तीच रक्कम पुन्हा पुन्हा लिहावी लागे. खातेवह्यांची बेरीज सर्वसाधारण खतावणीशी जुळवणे, म्हणजे ज्याला बँकेत ‘बॅलन्सिंग’ म्हणत, हे काम महिनोन्‌महिने मागे पडे. काही पैशांचा फरक शोधण्यासाठी वर्षअखेरीला कर्मचारी रात्री उशिरापर्यंत बसत.

याहून बिकट प्रश्न शाखांच्या आपसांतील हिशेबाचा होता. सोलापूरच्या शाखेने काढलेला ड्राफ्ट दिल्लीत वटला, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी कोठे तरी एकमेकींना भेटल्या पाहिजेत. हजारो शाखांतून येणाऱ्या अशा नोंदी जुळवणे मानवी हातांना अशक्यप्राय होऊ लागले होते, आणि न जुळलेल्या नोंदींत अफरातफर सहज लपू शके. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीला मिळालेल्या अगदी आरंभीच्या कामांत सेंट्रल बँकेच्या शाखांतर्गत हिशेबांच्या जुळवणीचे काम होते, हा योगायोग नव्हे.

विरोध आणि करार

यंत्राला विरोध झाला, आणि तो अडाणीपणाचा होता असे मानण्याची प्रथा आता पडली आहे. ती न्याय्य नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता येथील कचेरीत संगणक बसवण्याचे ठरले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊस या इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवून तो अडवला. सुशिक्षित बेकारांच्या रांगा लागलेल्या देशात शंभर कारकुनांचे काम करणारे यंत्र परकीय चलन खर्चून का आणावे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अर्थशास्त्राच्या दृष्टीने निराधार नव्हता. ज्या देशात श्रम विपुल आणि भांडवल दुर्मीळ आहे, त्या देशाने श्रम वाचवणाऱ्या यंत्रावर भांडवल का खर्चावे, हा विकासाच्या अर्थशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे. केंद्र सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली. स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, आणि १९७२ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला.

बँकांतील कोंडी फुटली ती १९८३ साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९८४ साली आला, आणि याच विषयावरील त्यांच्या दुसऱ्या समितीचा १९८९ साली. दरम्यान १९८७ मध्ये आणि पुढे १९९३ मध्ये आणखी करार झाले. कोणती यंत्रे, कोणत्या कामासाठी आणि कोठे बसवायची, हे या करारांनी ठरवले. कोणाचीही नोकरी जाणार नाही अशी हमी मिळाली आणि यंत्रावर काम करणाऱ्यास विशेष भत्ता मिळाला.

या करारांमुळे संगणकीकरण दहा-पंधरा वर्षे लांबले, अशी टीका होते. ती अर्धसत्य आहे. करारांमुळे बदलाची गती मंदावली हे खरे. परंतु देशातील एवढ्या मोठ्या सेवाक्षेत्रात यंत्र आले आणि त्यापायी कारकुनांची कपात झाली नाही, हेही त्या करारांमुळेच शक्य झाले. त्यांतील खरी उणीव वेगळी होती. वाटाघाटी झाल्या त्या मुख्यत्वे यंत्रांची संख्या आणि भत्त्याची रक्कम यांवर. काम शिकवायचे कोणी, यंत्रावर बसलेल्या माणसाची पुढील वाटचाल काय, आणि जुन्या कामाची रचना बदलायची ती कशी, या प्रश्नांना दोन्ही पक्षांनी दुय्यम स्थान दिले. भत्त्याची जागा बहुधा सेवाज्येष्ठतेने दिली जाई. त्या जागेवर बसणाऱ्याला यंत्राची आवड आहे की नाही, हे पाहण्याचे कारण व्यवस्थापनालाही वाटले नाही आणि संघटनेलाही वाटले नाही.

डायनॅमोचा धडा

आरंभी जी यंत्रे आली, ती जुन्या खातेवहीच्याच कामाला लावली गेली. कारकून जे हाताने लिहीत होता, ते आता तो कळफलकावर उमटवू लागला. पण कामाचा क्रम, सह्यांची साखळी आणि कागदांचे ढीग होते तसेच राहिले. साहजिकच ग्राहकाला रांगेत पूर्वीइतकेच उभे राहावे लागे आणि ‘संगणक आला, पण वेळ तेवढाच लागतो’ अशी तक्रार ऐकू येई.

हा अनुभव केवळ भारताचा नव्हता. संगणकयुग सर्वत्र दिसते, परंतु उत्पादकतेच्या आकडेवारीत ते आढळत नाही, असा टोला अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ साली मारला होता. त्याचे मार्मिक स्पष्टीकरण अर्थशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी १९९० साली दिले. वीज निर्माण करणारा डायनॅमो १८८० च्या दशकात वापरात आला होता. मग अमेरिकेतील कारखान्यांची उत्पादकता १९२० च्या दशकात का वाढली, मधली चाळीस वर्षे कोठे गेली, असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर असे की, कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून त्याच जागी विजेची मोटर बसवली. छताखालून फिरणारा लांब दांडा आणि त्यावरून उतरणारे पट्टे मात्र कायम ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर मिळाली आणि कामाच्या ओघाप्रमाणे कारखान्यांची नव्याने मांडणी झाली, तेव्हाच विजेचा खरा लाभ पदरात पडला. शक्ती बदलणे सोपे होते. कारखाना बदलण्यास एक पिढी लागली.

भारतीय बँकांत ही नवी मांडणी ‘कोअर बँकिंग’ या पद्धतीने आली. १९९० च्या दशकात एकेका शाखेचा कारभार संगणकावर गेला होता, पण प्रत्येक शाखा आपापल्या बेटावर होती. त्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय दक्षता आयोगाने बँकांना आपला किमान ७० टक्के व्यवसाय १ जानेवारी २००१ पूर्वी संगणकावर आणण्याचा आदेश दिला. हा आदेश ग्राहकसेवेसाठी नव्हे, तर गैरव्यवहारांना आळा घालण्यासाठी होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यानंतर सर्व शाखांची खाती एका मध्यवर्ती संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले. स्टेट बँकेने २००३ च्या सुमारास हाती घेतलेले हे काम २००८ पर्यंत आपल्या सर्व शाखांत पोहोचवले.

या बदलाने बँकेची अंतर्गत सत्ता-रचनाच पालटली. ग्राहक शाखेचा होता, तो बँकेचा झाला. व्याज आकारणे, दिवसाचा हिशेब बंद करणे, ताळेबंद काढणे ही कामे शाखेच्या हातून निघून केंद्राकडे गेली. शाखाधिकाऱ्याचे जे अधिकार अनुभवाने आणि शब्दाने चालत, ते आता पडद्यावर उमटणाऱ्या परवानगीवर अवलंबून राहिले. वीस वर्षे खातेवही सांभाळून ज्याने नाव मिळवले, त्या ज्येष्ठ कारकुनाचे कौशल्य काही महिन्यांत निरुपयोगी ठरले. आणि ज्या तरुण अधिकाऱ्याला व्यवहाराचा अनुभव नव्हता, पण यंत्र चालवता येत होते, त्याच्याकडे सारी शाखा धाव घेऊ लागली. ज्येष्ठता आणि जाण यांची ही फारकत कोणत्याही परिपत्रकाने घोषित केली नव्हती. पण प्रत्येक शाखेत ती अनुभवास आली.

अनुभव गेला तो केव्हा

नेमक्या याच संक्रमणाच्या उंबरठ्यावर बँकांनी आणखी एक निर्णय घेतला. २०००–२००१ मध्ये सार्वजनिक बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना राबवली. पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय झालेल्यांना ती खुली होती. सुमारे एक लाख कर्मचारी आणि अधिकारी, म्हणजे एकूण सेवकवर्गाच्या जवळजवळ नवव्या हिश्शाइतके लोक, या योजनेने बाहेर पडले.

वेतनखर्चाच्या हिशेबात हा निर्णय समर्थनीय वाटला असेल. परंतु अर्थशास्त्रात भांडवल म्हणून जे गणले जाते ते केवळ इमारती आणि यंत्रे एवढेच नव्हे. माणसाच्या डोक्यात साठलेले कामाचे ज्ञान हेही भांडवलच होय, आणि ते ताळेबंदात दिसत नाही म्हणून त्याचा ऱ्हासही दिसत नाही. जुने खाते कोणत्या नियमाने उघडले होते, एखाद्या कर्जाच्या तारणाची अट कोणत्या पत्रव्यवहारात आहे, एखादी नोंद ‘सस्पेन्स’ खात्यात का पडून आहे, हे ज्यांना ठाऊक होते त्यांपैकी अनेकजण, जुन्या वह्यांतील माहिती नव्या प्रणालीत भरण्याची वेळ आली तेव्हा, निवृत्तीची रक्कम घेऊन घरी बसले होते. आणि स्वेच्छेने जाण्याची मुभा असली की, ज्यांना बाहेर किंमत आहे ते आधी जातात, हेही ओघानेच आले.

दुसऱ्या बाजूने १९९० च्या दशकात नवी भरतीही अत्यल्प होती. त्यामुळे सेवकवर्गाच्या मध्यभागी एक पोकळी तयार झाली. वर निवृत्तीकडे झुकलेली पिढी, खाली नुकतीच आलेली पिढी आणि मध्ये फारसे कोणी नाही, अशी स्थिती. सार्वजनिक बँकांतील मनुष्यबळाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या खंडेलवाल समितीने २०१० साली आपल्या अहवालात येऊ घातलेल्या मोठ्या प्रमाणावरील निवृत्तींकडे लक्ष वेधले होते. २०११ पासून सामायिक परीक्षेद्वारे भरतीचा वेग वाढला. परंतु तरुण माणूस परीक्षेने मिळतो, दहा वर्षांचा अनुभव परीक्षेने मिळत नाही.

ना बँकेचा, ना यंत्राचा

ज्यांच्या खांद्यांवर ही संगणकप्रणाली उभी आहे, त्या तंत्रज्ञ अधिकाऱ्यांची स्थिती तर अधिकच चमत्कारिक आहे. बँका माहिती-तंत्रज्ञानाचे पदवीधर विशेष अधिकारी म्हणून घेतात. हा अधिकारी संगणक विभागात राहिला, तर त्याला कर्जव्यवहार, परकीय चलन, शाखेचे प्रशासन यांचा अनुभव मिळत नाही. आणि वरिष्ठ पदांच्या मुलाखतीत नेमका हाच अनुभव विचारला जातो. बढतीसाठी तो शाखेत गेला, तर दोनतीन वर्षांत त्याचे तांत्रिक ज्ञान शिळे होते आणि प्रणालीच्या अंतरंगाची माहिती असणारा एक माणूस कमी होतो. वाढ आणि उपयुक्तता यांपैकी एकच निवडण्याची सक्ती त्याच्यावर संस्थेची रचना करते. बाहेरच्या कंपन्या अधिक पगार देऊ करतात, हे त्याच्या नोकरी सोडण्याचे एक कारण आहेच; परंतु आपल्या कामाला या संस्थेत भवितव्य नाही ही भावना त्याहून कमी प्रभावी नसते.

बदल्यांच्या धोरणाचीही गत अशीच आहे. दर तीन वर्षांनी बदली हा नियम बँकांत गैरव्यवहार टाळण्यासाठी आला आणि रोखपाल किंवा कर्ज-अधिकारी यांच्या बाबतीत तो शहाणपणाचा आहे. पण ज्या प्रणालीचा तपशील समजून घेण्यासच दोन वर्षे लागतात, तेथे हा नियम यांत्रिकपणे लावला, तर दर खेपेला ज्ञान शून्यापासून सुरू होते.

अशा वेळी सोपा मार्ग उरतो तो काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवण्याचा. मध्यवर्ती संगणक, एटीएम, मोबाइलवरील सेवा यांची देखभाल बऱ्याच अंशी कंत्राटी कंपन्यांकडे गेली आहे. यात मुळात गैर काही नाही. प्रत्येक बँकेने स्वतःची आज्ञावली स्वतः लिहिणे हे प्रत्येक गिरणीने स्वतःचे माग स्वतः घडवण्यासारखे होईल. पण कंत्राटदार काय करीत आहे हे समजण्याइतके ज्ञान बँकेच्या आत उरले नाही, तर करार करणारा आणि करार पाळणारा यांच्यातील तोल सुटतो. काय मागावे हे ठाऊक नसलेला ग्राहक कोणत्याही बाजारात महाग विकत घेतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्याबाबत जे निर्देश काढले, त्यांत काम बाहेर दिले तरी जबाबदारी बाहेर जात नाही, हे तत्त्व स्पष्टपणे घालून दिले आहे. ही जबाबदारी निभावण्यासाठी माणसे आतच लागतात.

दोन खात्यांमधील फट

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण २०१८ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतून भारतीय बँकांच्या परदेशी शाखांना ‘स्विफ्ट’ या संदेशयंत्रणेद्वारे हमीपत्रे पाठवली जात होती. परंतु त्यांची नोंद बँकेच्या मध्यवर्ती प्रणालीत होत नव्हती. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. ११,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेची हमी बँकेच्या स्वतःच्या पुस्तकांत न उमटता बाहेर गेली. स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराबद्दल आपण ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केले. बदल्यांचा नियम अस्तित्वात असूनही संबंधित अधिकारी वर्षानुवर्षे त्याच शाखेत होता, हेही पुढे आले.

गुन्हा माणसांनी केला, हे निर्विवाद. पण तो इतकी वर्षे का टिकला, याचे उत्तर संघटनेच्या रचनेत आहे. परकीय चलनाचे खाते स्विफ्ट वापरीत होते आणि संगणक विभाग मध्यवर्ती प्रणाली सांभाळत होता. त्या दोहोंच्या मधली जागा कोणाचीच नव्हती. कोणत्याही संस्थेने घडवलेली प्रणाली त्या संस्थेतील माणसे एकमेकांशी ज्या रीतीने बोलतात तिचीच प्रतिकृती असते, असे मेल्विन कॉन्वे या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६८ सालीच मांडले होते. जी दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांची यंत्रेही एकमेकांशी बोलणार नाहीत.

हा दोष सार्वजनिक क्षेत्राचाच आहे, असेही नव्हे. वारंवार सेवा बंद पडल्यामुळे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना सुरू करण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली होती. मार्च २०२२ मध्ये ते निर्बंध पूर्णतः उठले. एप्रिल २०२४ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवस्थापनातील त्रुटींवरून कोटक महिंद्र बँकेवर तत्सम निर्बंध आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते मागे घेतले गेले. सरकारी वेतनश्रेणींचे बंधन नसलेल्या या बँकांनाही जे साधले नाही, ते केवळ पैशाने साधणारे नव्हे, एवढे यावरून दिसते.

विद्यापीठाचा अनुभव

बँकांच्या बाहेर, शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या अधिक परिचयाचे उदाहरण मुंबई विद्यापीठाचे आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय त्याच वर्षी घेण्यात आला. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिकांची ने-आण वाचते, बेरजेच्या चुका टळतात. पण हजारो शिक्षकांना या पद्धतीची पुरेशी ओळख करून देण्यापूर्वी आणि लहान प्रमाणावर तिची चाचणी घेण्यापूर्वी ती एकदम सर्व परीक्षांना लागू झाली. निकाल कित्येक महिने लांबले. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली. पुढील प्रवेशांसाठी गुणपत्रिकेची वाट पाहणारे विद्यार्थी हवालदिल झाले. आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. यंत्र नवे होते, घाई वरून होती, आणि ज्यांनी ते वापरायचे त्यांना शेवटी विचारले गेले. बँकांनी तीस वर्षांत सावकाश केलेल्या चुका येथे एका उन्हाळ्यात घडल्या, एवढाच फरक.

मार्ग कोणता?

या अनुभवांतून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, तंत्रज्ञ अधिकाऱ्याला तंत्रज्ञ राहूनच वरच्या पदापर्यंत जाता आले पाहिजे. संशोधनसंस्थांत शास्त्रज्ञ प्रशासक न होताही वरच्या श्रेणीत जाऊ शकतो. तशी समांतर श्रेणी बँकांत आणि मोठ्या कचेऱ्यांत असणे अशक्य नाही. माहिती-सुरक्षेच्या प्रमुखाने संगणक विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली असू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने घातलाच आहे. स्वतंत्र पदांची आणि स्वतंत्र उत्तरदायित्वाची ही कल्पना सुरक्षेपुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अशी की, काम जाणणारा आणि यंत्र जाणणारा या दोघांची देवाणघेवाण नियमाने घडवून आणली पाहिजे. शाखेतील हुशार कारकुनाला वर्षभर संगणक विभागात बसवावे. संगणक विभागातील अभियंत्याला काही महिने खिडकीवर उभे करावे. ग्राहकाची रांग ज्याने समोरून पाहिली, तो आज्ञावली वेगळ्या रीतीने लिहितो.

तिसरी गोष्ट कंत्राटांची. करार संपताना प्रणालीची संपूर्ण माहिती बँकेच्या माणसांच्या हाती लेखी स्वरूपात आली पाहिजे आणि ती समजून घेणारी माणसे कराराच्या पहिल्या दिवसापासून नेमलेली असली पाहिजेत. अन्यथा प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी बँक आपल्याच घराची किल्ली विकत घेत राहील.

चौथी आणि कदाचित सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वाटाघाटी. १९८३ च्या करारातून घेण्यासारखे जे होते, ते म्हणजे बदलाआधी माणसांशी बोलण्याची पद्धत. भत्त्याच्या जागी शिक्षण आणि संख्येच्या जागी कामाची रचना हे विषय आले, तर कर्मचारी संघटना बदलाच्या वाटेतील अडथळा न ठरता त्याच्या सर्वांत उपयुक्त टीकाकार ठरतील. प्रणाली कोठे अडते हे तिच्यावर दिवसभर बसणाऱ्या माणसाइतके कोणालाही ठाऊक नसते.

यावर असा आक्षेप येईल की, एवढा खर्च आणि एवढा वेळ आहे कोणाकडे? स्पर्धा तीव्र आहे, आणि आता तर मजकूर लिहिणारी, प्रश्नांना उत्तरे देणारी नवी यंत्रे दाराशी येऊन उभी आहेत. या यंत्रांनी माणसांचीच गरज संपवली, तर माणसांवर गुंतवणूक कशाला, असाही सूर निघतो. हा युक्तिवाद नवा नाही. खातेवहीच्या यंत्रापासून मध्यवर्ती संगणकापर्यंत प्रत्येक टप्प्यावर तो केला गेला आणि प्रत्येक वेळी असे आढळले की, यंत्र जितके अधिक काम आपल्याकडे घेते, तितकी ते चुकले हे ओळखणाऱ्या माणसाची किंमत वाढते. हिशेब हाताने होत होता तेव्हा एका कारकुनाची चूक एका पानावर राहत असे. मध्यवर्ती प्रणालीतील चूक एका क्षणात लाखो खात्यांवर उमटते.

यंत्राचे आयुष्य पाचसात वर्षांचे असते आणि त्याच्या घसाऱ्याची तरतूद प्रत्येक संस्था ताळेबंदात न चुकता करते. माणसाच्या ज्ञानाला लागणाऱ्या घसाऱ्याची तरतूद मात्र कोणत्याही ताळेबंदात आढळत नाही. बदलत्या संस्थांचे व्यवस्थापन ज्यांच्या हाती आहे, त्यांनी आपल्या अंदाजपत्रकात यंत्रखरेदीच्या रकमेशेजारी ही दुसरी रक्कमही दरवर्षी लिहावयास हवी, आणि कर्मचाऱ्यांनी आपल्या मागण्यांत तिला पहिले स्थान द्यावयास हवे.